तेरावं संत्रं

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सहाच्या पायाची रास छप्पन संत्र्यांची होते हे तिला पाठ होतं. वरुडच्या एसटी स्टँडवर ती संत्री विकायला बसायची. बागेतला चांगला माल व्यापारी उचलून न्यायचा. मागं राहायची ती चुरी, म्हणजे बारीक फळं. बाबा सायकलच्या कॅरिअरला टोपलं बांधून ती तिला पोचवून देत. सुट्टीच्या दिवशी मी सोबत जायचे.

आजीची रीत ठरलेली होती. आधी गोणपाट झटकायची, हातानं चाचपून जमिनीचा उतार बघायची. मग खालचा थर. पहिल्या ओळीत सहा, दुसरीत पाच, मग चार, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या फटींत सरकवलेली. एकवीसचा त्रिकोण झाला की त्याच्या खळग्यांत पंधरांचा दुसरा थर. त्यावर दहा, सहा, तीन, आणि शेंड्यावर एक, ते तेवढं पानासकट. फळ ठेवलं की ती अंगठ्यानं किंचित फिरवायची. ते खळग्यात बसल्याचं तिच्या बोटांना कळायचं, मग हात पुढच्या फळाकडे. "खळग्यात बसलं का मंग हालत नाई, माय," म्हणायची. स्टँडवर गाड्या यायच्या-जायच्या, जमीन हादरायची, रास जागची हलायची नाही.

मी पुढं गणिताची शिक्षिका झाले, तालुक्यातल्याच एका गावात. दहावीला महत्त्वमापनाचा धडा आला की गोलाचं घनफळ शिकवताना आजीची रास सांगायची, हे दरवर्षीचं झालं होतं. पोरांना ती गोष्ट आवडायची, कारण जवळपास प्रत्येकाच्या घरी बाग. अशाच एका वर्षी मी म्हटलं, "गोल फळं याच्यापेक्षा दाट रचताच येत नाहीत." मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "कसं काय समजलं, मॅडम? कोनी साऱ्या पद्धतीनं रचून पायलं का?"

तिच्या बोलण्यात आगाऊपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "अगं, दिसतंच आहे ना." ती खाली बसली. सराव परीक्षा जवळ आली होती, धडा संपवायचा होता, आणि मी फळ्याकडे वळले.

हे वाक्य मी पुढं विसरूनही गेले. ते आठवलं जुलै २०२२ मध्ये. शाळा नुकती उघडली होती, झड लागलेली, निम्मी पोरं गैरहजर. स्टाफरूममध्ये मोबाईलवर बातमी वाचत होते. मारिना व्याझोव्स्का या युक्रेनच्या गणितज्ञ बाईंना फील्ड्स पदक मिळालं होतं. हे पदक १९३६ पासून दिलं जातं, आता दर चार वर्षांनी, आणि तेही चाळिशीच्या आतल्यांनाच. ते मिळवणारी ही दुसरी स्त्री. पहिली इराणची मरियम मिर्झाखानी, २०१४ साली. मी वाचत होते ती बातमी बहुतेक या 'दुसरी स्त्री'तच संपली होती. तळाशी एकच ओळ होती की, आठ मितींच्या अवकाशात सारख्या आकाराचे गोल सगळ्यात दाट कसे रचायचे हा प्रश्न त्यांनी सोडवला.

ती ओळ मी परत वाचली. आजीचं गोणपाट डोळ्यांपुढं आलं, आणि त्याच्या मागोमाग ती मागच्या बाकावरची मुलगी.

त्या पावसाळ्यात मी मिळेल ते वाचत सुटले. समजलं त्याहून न समजलेलं जास्त, पण प्रश्नाचा माग लागला. तो तोफगोळ्यांपासून निघतो. इंग्लंडच्या वॉल्टर रॅलेनं आपल्या आश्रयाला असलेल्या थॉमस हॅरियट या गणितज्ञाला जहाजावर गोळे रचण्याबद्दल विचारलं. हॅरियटचा पत्रव्यवहार होता केप्लरशी, ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे सांगणाऱ्या त्याच केप्लरशी. त्यानं १६११ साली हिमकणावर लिहिलेल्या एका छोट्या पुस्तिकेत सांगून टाकलं की खळग्यात गोळा बसवत रचलेली रासच सगळ्यात दाट. अशा राशीत जागेचा ७४ टक्क्यांहून थोडासा जास्त भाग गोलांनी भरतो, बाकीची हवा. पण सांगितलं एवढंच. सिद्धता दिली नाही.

१८३१ मध्ये गाउस या जर्मन गणितज्ञानं दाखवलं की गोलांचे मध्य एका नियमित जाळीच्या बिंदूंवर बसवलेले असतील, तर याहून दाट शक्य नाही. मग वेड्यावाकड्या मांडणीचं काय? कॅरेटमध्ये संत्री ओतली की ती कशीही पडतात. अशा अगणित 'कशाही'मध्ये एखादी मांडणी आजीच्या राशीला मागं टाकणारी नसेलच कशावरून? थॉमस हेल्स या अमेरिकी गणितज्ञानं १९९८ मध्ये ती सिद्धता जाहीर केली. शेकडो पानं आणि वर संगणकाचे प्रचंड हिशोब. तपासायला बसलेल्या मंडळींनी वर्षं घालवली आणि शेवटी कळवलं की आमची ९९ टक्के खात्री आहे. हेल्स तेवढ्यावर थांबला नाही. सिद्धतेची एकेक पायरी संगणकाकडून तर्काच्या नियमांवर घासून घेण्याचं काम त्यानं सहकाऱ्यांसोबत हाती घेतलं, आणि ते ऑगस्ट २०१४ मध्ये पुरं झालं.

१६११ ते २०१४. मी ज्याला "दिसतंच आहे" म्हणून मोकळी झाले होते, ते पक्कं व्हायला माणसांना चारशे तीन वर्षं लागली. आणि मागच्या बाकावरच्या आमच्या मुलीनं विचारलेला प्रश्न शब्दशः तोच होता.

सपाटीवरचा प्रश्न त्या मानानं सोपा, आणि आमच्या गावांत त्याचं उत्तर अंगणात काढलेलं असतं. सात ते चार ठिपक्यांची रांगोळी घ्या. मधली ओळ सातची, वर-खाली सहा, पाच, चार, आणि प्रत्येक ओळीतले ठिपके शेजारच्या ओळीच्या फटींसमोर. प्रत्येक ठिपक्यावर रुपयाचं नाणं ठेवलं तर सपाट जागेवर नाणी बसवण्याची याहून दाट रीत नाही, ९०.६९ टक्के जागा झाकली जाते. फळबागेतही हीच षट्कोनी लागवड सांगतात. अठरा फुटांवर चौरस पद्धतीनं लावलं तर एकरी १३४ झाडं बसतात, त्याच अंतरावर षट्कोनी लावलं तर १५५. माझ्या लहानपणी बाबांनी नवी बाग लावली तेव्हा कृषी सहायकानं त्यांना हे सांगितलं होतं. बाबांनी दोरी धरली ती चौरसातच. म्हणाले, वखर उभा-आडवा फिरायले पायजे, आन् झाडाले वारा लागला पायजे. ते बरोबरच होतं. सगळ्यात दाट ते सगळ्यात सोयीचं असतं असं कोणत्याच गणितज्ञानं म्हटलेलं नाही. त्याला ठाऊक करून घ्यायचं असतं ते हे की मर्यादा कुठं आहे.

आता आठ मिती. हा शब्द ऐकला की माणसं हात जोडतात, म्हणून मी वर्गात तो संत्र्यावरूनच सांगते. ग्रेडिंगच्या शेडमध्ये एका फळाबद्दल काय काय मोजता येईल? वजन, व्यास, सालीची जाडी, गोडी, आंबटपणा, रसाचं प्रमाण, बिया, तोडल्यापासूनचे दिवस. हे आठ आकडे झाले. आता एक फळ दुसऱ्यापासून किती वेगळं, हे कसं काढाल? प्रत्येक आकड्यातला फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, आठही वर्ग मिळवायचे आणि वर्गमूळ घ्यायचं. हे दहावीतलं पायथागोरसचंच प्रमेय, दोन वर्गांऐवजी आठ वर्गांचं. झाली आठ मितींची जागा. ती डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यात अंतर मोजता येतं, आणि अंतर आलं की गोल आलाच: मध्यापासून ठरावीक अंतराच्या आतले सगळे बिंदू.

याचा उपयोग काय, हे पोरं विचारतात आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. आपण पाठवलेला कोणताही संदेश शेवटी आकड्यांची माळ असतो. वाटेत गोंगाटानं ते आकडे जरा इकडे-तिकडे होतात. प्रत्येक संदेशाभोवती आपण एक गोल कल्पिला आणि कोणतेच दोन गोल एकमेकांत घुसू दिले नाहीत, तर सरकून आलेला संदेश मुळात कोणता होता ते पलीकडच्याला ओळखता येतं. गोल जितके दाट, तितके जास्त संदेश त्याच खर्चात. १९७९ मध्ये व्हॉयेजर यानांनी गुरूची रंगीत छायाचित्रं पाठवली ती ज्या सांकेतिक पद्धतीनं, तिच्यात २४ अंकांचे गट असतात, आणि २४ मितींतल्या गोलांच्या एका प्रसिद्ध मांडणीशी तिचं सख्खं नातं आहे.

पण मला भुरळ घातली ती उपयोगानं नाही, खळग्यांनी. हे फळ्यावर करून बघण्यासारखं आहे. एक एकक व्यासाची चार संत्री चौरसाच्या कोपऱ्यांवर ठेवा. चौरसाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर म्हणजे कर्णाचा अर्धा, दोनाच्या वर्गमुळाचा निम्मा. घन घेतला तर तीनच्या वर्गमुळाचा निम्मा. मिती वाढत जाते तसा मध्यावरचा खळगा मोठा होत जातो. चौथ्या मितीत चारच्या वर्गमुळाचा निम्मा, म्हणजे बरोबर एक! त्या खळग्यात आता तेवढंच दुसरं अख्खं संत्रं बसेल. हे झालं ढिल्या, चौकोनी मांडणीत. आजीच्या राशीची जी जात आहे, त्या घट्ट मांडणीत हाच क्षण आठव्या मितीत येतो. सगळे गोल दाटीनं बसवलेत, आणि तरी त्यांच्यामधले खळगे बरोब्बर गोलाएवढे झालेत. मग त्या खळग्यांत तसाच्या तसा दुसरा संच जाऊन बसतो, कुठंही न धक्का देता. या मांडणीला ई-आठ म्हणतात. तिच्यात एकेका गोलाला २४० गोल टेकलेले असतात, आपल्या तीन मितींत टेकतात ते बारा. हे पहिल्यांदा कागदावर करून पाहिलं त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप आली नाही.

ई-आठची मांडणी एकोणिसाव्या शतकापासून माहीत होती. ती सगळ्यात दाट आहे हे सिद्ध करायचं राहिलं होतं. २००३ मध्ये हेन्री कोन आणि नोम एल्किस यांनी वाट दाखवली. एक विशिष्ट फलन शोधून काढा, ते मिळालं की काम झालं. अडचण अशी की ते फलन आणि त्याचं फूरिये रूपांतर, म्हणजे त्याच फलनाचं लहरींच्या भाषेतलं रूप, या दोघांनाही ठरलेल्या अंतरांवर शून्य व्हायला लावायचं, आणि ही दोघं एकमेकांना अशी बांधलेली की आखूड गोधडीसारखं, इकडे ओढलं की तिकडे उघडं पडतं. संगणकावर लोक इतके जवळ पोचले होते की दशांशचिन्हानंतर कितीतरी घरं फरकच दिसत नव्हता. म्हणजे असं फलन असणार हे तज्ज्ञांना दिसतच होतं. हाती कोणाच्या लागत नव्हतं.

मारिनाचा जन्म १९८४ चा, कीव शहरातला. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई इंजिनिअर, तीन बहिणींत ही थोरली. ती शाळकरी वयात येते तोवर सोव्हिएत संघ मोडला होता, आणि पगारी माणसांच्या घरांतही ओढाताण होती. गणिताची गोडी असलेल्या मुलांसाठीच्या एका विज्ञानशाळेत ती गेली, ऑलिंपियाडच्या परीक्षा देऊ लागली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडच्या आधी एक सराव शिबिर असतं, त्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेतून बारा जण घेणार होते. तिचा नंबर आला तेरावा.

इथं मी वाचन थांबवलं होतं. आमची ती मुलगी पाचवीत असताना एका निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसली होती. तिचं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं लागलं. वरचा एक जरी मागं हटला असता तरी ती गेली असती. कोणी हटलं नाही. तिचे वडील यादी बघून आले आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन तोडणीला गेले, हे तिनंच मला एकदा सांगितलं होतं. दहावीला तिला गणितात चांगले गुण पडले. अकरावीला विज्ञान घ्यायचं तर रोज वरुडला जावं लागणार होतं, एसटीची वेळ जुळत नव्हती, आणि त्या वर्षी फळगळीनं बाग गेली. मी तिच्या घरी एकदा गेले होते. दुसऱ्यांदा जायला हवं होतं. ते मी केलं नाही.

मारिना पुढं कीवच्या विद्यापीठात शिकली. विद्यापीठ पातळीवरच्या आंतरराष्ट्रीय गणित स्पर्धेत २००२ आणि २००५ मध्ये पहिल्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत तिचं नाव आहे. मग जर्मनीत कायझर्सलाउटर्न, पुढं बॉनला डॉन झागिए यांच्याकडे डॉक्टरेट. झागिए म्हणजे मॉड्युलर फॉर्म या विषयातले मोठे जाणकार. मॉड्युलर फॉर्म म्हणजे अशी फलनं की ज्यांना कितीतरी तऱ्हांनी उलटंपालटं केलं तरी त्यांची घडी मोडत नाही. रांगोळीचा कागद कोणत्याही बाजूनं धरला तरी नक्षी तीच राहावी, तसं काहीसं. तिच्या कीवच्या दिवसांतल्या सोबत्यांनी, आंद्री बोंडारेन्को आणि दानिलो राडचेंको यांनी, तिच्यासोबत गोलावरच्या बिंदूंच्या मांडणीचा एक अवघड प्रश्न आधी सोडवला होता. गोल रचण्याच्या प्रश्नालाही ते तिघं मिळूनच भिडले. दोघं हळूहळू आपापल्या दुसऱ्या कामांकडे वळले. तिनं सोडलं नाही. बर्लिनमध्ये डॉक्टरेटनंतरचं संशोधन करता करता, घरी लहान मूल सांभाळत, ती जवळपास दोन वर्षं त्या फलनामागं होती.

ते सापडलं मॉड्युलर फॉर्मच्या मुलखात. तिच्या फलनाच्या एका अर्ध्या भागात तीन श्रेणी येतात. त्यांना रामानुजननं १९१६ सालच्या एका लेखात पी, क्यू, आर अशी साधी नावं देऊन त्यांचं एकमेकींशी नातं दाखवलं होतं. ते नातं समीकरणात लिहिलं की पोरीबाळींनी एकमेकींच्या हातात हात द्यावे तसं दिसतं. मद्रासच्या गोदीत कारकुनी केलेल्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी मांडून ठेवलेली ती नाती, आणि त्यांतून बर्लिनमधल्या एका युक्रेनी मुलीनं आठ मितींतल्या राशीचं कुलूप काढलं. तिला २०१७ चा शास्त्र-रामानुजन पुरस्कारही मिळाला. तो बत्तीस वर्षांपर्यंतच्यांनाच देतात, कारण रामानुजनला आयुष्यच तेवढं मिळालं.

१४ मार्च २०१६ रोजी तिनं लेख इंटरनेटवर ठेवला. तेवीस पानं. हेल्सच्या सिद्धतेपुढं तेवीस पानं म्हणजे काहीच नाही, आणि ती वाचताना गणितज्ञांना वाटलं की हे तर आपल्या डोळ्यांसमोरच होतं. लगोलग हेन्री कोननं तिला लिहिलं, आता २४ मिती. कोन, जमशेदपूरचा अभिनव कुमार, स्टीफन मिलर, राडचेंको आणि ती, पाच जण लागले, आणि एका आठवड्यात तोही लेख तयार. २४ मितींत एका गोलाला १,९६,५६० गोल टेकतात. २०१८ पासून ती स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या तंत्रविद्यापीठात संख्या-सिद्धांताची, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांच्या गणिताची, प्राध्यापक आहे.

पदकाचा सोहळा खरं तर रशियात सेंट पीटर्सबर्गला व्हायचा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि सोहळा फिनलंडमध्ये हेलसिंकीला हलवावा लागला, ५ जुलैला. तिच्या बहिणी मुलांना घेऊन कीवमधून बाहेर पडल्या आणि तिच्याकडे आल्या. आईवडील तिकडेच राहिले. मार्चमध्ये खारकीवला क्षेपणास्त्र पडून युलिया झ्दानोव्स्का ही एकवीस वर्षांची तरुण गणिती मारली गेली. मुलींच्या युरोपीय ऑलिंपियाडमध्ये २०१७ साली रौप्यपदक मिळवलेली पोर. मारिनानं त्या दिवसांतलं आपलं एक व्याख्यान तिच्या आठवणीला वाहिलं. फील्ड्स पदकाच्या मागच्या बाजूला आर्किमिडीजच्या समाधीवर होती ती आकृती कोरलेली असते, वृत्तचितीत बसवलेला गोल. आर्किमिडीजला मारणाराही एक सैनिकच होता. ते पदक घेताना तिच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार मी अनेकदा करते आणि दर वेळी मधेच सोडून देते.

गेल्या संक्रांतीनंतर हळदीकुंकवाला मागच्या बाकावरची ती मुलगी माझ्या घरी आली. आता मुलगी कसली, तिचीच लेक दुसरीत आहे. शेंदूरजनाघाटला तिच्या सासरची रोपवाटिका आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधण्यात तिचा हात धरणारं त्या आळीत कोणी नाही, असं तिच्यासोबत आलेल्या जावेनंच सांगितलं. चाकूनं सालीला छेद द्यायचा, डोळा सरकवायचा, पट्टी गुंडाळायची, हे ती दिवसभर करते. तिच्या अंगठ्याला त्याचा घट्टा पडलाय.

मी तिला आत बोलावलं आणि म्हटलं, "दहावीत तू एक विचारलं होतंस, आठवतं?" तिला आठवत होतं. माझं उत्तरही आठवत होतं. मी सगळं सांगितलं, चारशे तीन वर्षं, हेल्स, कीवची ती तेरावी आलेली मुलगी. ती ऐकत राहिली. "म्हनजे माह्या प्रश्नाचं उत्तर तवा नुसतं आलंच नव्हतं," एवढंच म्हणाली, आणि मला त्या वाक्यानं जे वाटलं ते इथं लिहून सांगता येण्यासारखं नाही.

मग मी तिला १६९४ सालचा न्यूटन आणि ग्रेगरीचा वाद सांगितला. एका गोलाभोवती त्याला टेकतील असे सारखे गोल किती बसतात? न्यूटन म्हणाला बारा, ग्रेगरीला वाटलं तेरावा बसावा. कारण बारा ठेवले तरी मधे फटी राहतात, आणि त्या सगळ्या मिळून थोड्या नाहीत. न्यूटनचं बरोबर होतं, पण ते सिद्ध व्हायला १९५३ उजाडावं लागलं.

"संत्री हायेत का घरी?" तिनं विचारलं.

मृगाची पहिली फळं आलेली होती. एकसारखी तेरा निवडली, आणि मधलं धरून चौदा. नागपुरी संत्रं काही पुरतं गोल नसतं, देठाकडे त्याला जराशी मान असते, म्हणून तिनं चपट्या बाजू बघून बघून वेचली. मी परातीत गहू ओतले. तिनं गव्हात तीन फळं टेकवून रोवली, त्यांच्या खळग्यात मधलं ठेवलं, त्याच्या भोवती सहा, गव्हाचा आधार देत. वरच्या खळग्यात तीन. ठेवताना प्रत्येक फळ ती अंगठ्यानं किंचित फिरवत होती. बारा झाली. लेक तेरावं हातात धरून वाकून बघत होती. तिनं ते एका फटीवर टेकवलं, ते वरच राहिलं. दुसऱ्या फटीवर, तिथंही वरच.

मग तिच्या आईनं सगळी फळं बोटानं जरा जरा सरकवली. एक फट मोठी झाली, पलीकडच्या बुजल्या. परत उलटीकडे सरकवली.

"जागा हाये, मॅडम," ती म्हणाली. "पन एका जागी नाई."

बाहेर जाऊबाई निघायची घाई करत होत्या, एसटी पाच वाजताची होती. तिनं हात धुतल्यासारखे गव्हात घोळवले, बारा फळं एकेक करून बाहेर काढली, परात सपाट केली, आणि पुन्हा पहिल्या तिघांपासून मांडायला घेतली.